जुनी पैठणी : मोडीचा भाव आणि विणीचें मोल

‘मोड’ हा शब्द मराठी घरांत तांबट आणि सोनार यांच्या दारावरून आला. फुटकें पातेलें मोडींत घालावें, झिजलेली पाटली मोडींत द्यावी आणि वर थोडे पैसे भरून नवी वस्तु आणावी, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. पातेलें वितळलें तरी तांबें शिल्लक राहतें, आणि तांबट त्यांतून पुन्हां पातेलें घडवूं शकतो. परंतु घरांत एक वस्तु अशीहि असते कीं, तिला हा मोडीचा न्याय लावला असतां हातीं थोडी चांदी येते आणि बाकीचें सर्व कायमचें नाहींसें होतें. ती वस्तु म्हणजे जुनी पैठणी. तिची किंमत कशी करावी, आणि ती करतांना घेणाऱ्यानें विकणाऱ्याशीं कसें वागावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाचा विचार येवल्यापासूनच सुरू करणें योग्य होय. येवलें हें नाशिक जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव मनमाड आणि कोपरगांव यांच्या दरम्यान वसलेलें आहे. सेनापति तात्या टोपे यांचें हें जन्मग्राम. सतराव्या शतकांत राघोजी नाईक यांनीं येथें विणकरांना व व्यापाऱ्यांना आश्रय देऊन पेठ वसविली, असें गांवचा इतिहास सांगतो. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक समाजांच्या हातांनीं येथें पीतांबर, शेले आणि पैठण्या विणल्या गेल्या. पैठणी हें नांव गोदाकांठच्या पैठणचें, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीचें. परंतु या वस्त्राचा संसार पुढें येवल्यानेंच मुख्यतः सांभाळला. पेशव्यांच्या पत्रव्यवहारांत पैठणी वस्त्रांच्या मागण्या आढळतात, आणि हैदराबादच्या निजामाच्या घराण्यानेंहि या कलेस आश्रय दिला. राजाश्रय गेल्यावर माग मंदावले, पण बंद पडले नाहींत. २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें. आज येवल्याच्या गल्ल्यांतून फिरतांना मागाचा आवाज ऐकूं येतो, आणि त्याच रस्त्यावर दुकानांच्या रांगा दिसतात. वस्त्र विणणारा आणि वस्त्राची किंमत करणारा एकाच गांवांत राहतात, ही येवल्याची विशेष स्थिति होय.

अशा गांवांत जुन्या वस्त्रांचा संग्रह व व्यापार करणाऱ्या दुकानदारापुढें एक प्रसंग सहज येऊं शकतो. एखादी वृद्ध स्त्री पिशवींतून पांढऱ्या फडक्यांत बांधलेलें लुगडें काढते आणि म्हणते, “भाऊ, हें बघा बरं. दारावर जरवाला आला होता, तो वजनावर घेतो म्हणाला.” दुकानदार विचारतो, “कुणाचं हें, आजी?” ती सांगते, “माझ्या आजेसासूबाईंचं, लग्नांतलं. आतां नेसायला कोण आहे? नातीच्या फीला पैसे हवेत.”

या थोड्याशा बोलण्यांत सर्व प्रश्न सामावला आहे. आजींची गरज खरी आहे, आणि वस्त्र विकण्यांत त्यांचा अपराध कांहीं नाहीं. जरवाल्यानें सांगितलेला भावहि कदाचित्‌ खोटा नसेल. खोटी आहे ती एवढीच समजूत कीं, या लुगड्याला तोच एक भाव आहे. वास्तविक जुन्या पैठणीस तीन भाव असतात: पहिला धातूचा, दुसरा विणीचा आणि तिसरा दुर्मिळतेचा. पहिला भाव तराजूवर कळतो, दुसरा मागावर कळतो आणि तिसरा कळावयास वस्त्राचा इतिहास ठाऊक असावा लागतो. ज्यास पहिलाच भाव कळतो तो उरलेले दोन जाळून टाकतो.

पहिला भाव प्रथम पाहूं. पैठणीची खरी जर म्हणजे चांदीची तार अत्यंत बारीक ओढून, चपटी करून, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली व सोन्याचा मुलामा दिलेली असते. जुनें वस्त्र जाळून तिच्यांतील चांदी काढतां येते, म्हणूनच जरवाला दारीं येतो. परंतु सर्व चकाकणारी जर चांदीची नसते. सुरतेहून येणाऱ्या एका प्रकारच्या जरीस बाजारांत ‘टेस्टेड’ म्हणतात. तिच्यांत तांब्याच्या तारेवर चांदीचें पातळ आवरण असतें. तिसरा प्रकार निव्वळ नकली, प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीचा. यांची पारख अवघड नाहीं. कांठाच्या टोकाचा सुटलेला एखादा धागा घेऊन उलगडावा व तार किंचित्‌ खरवडावी. आंतून पांढरी दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबें. नकली धागा ज्योतीजवळ नेतांच आक्रसून वितळतो. खरी जर काळवंडली म्हणून तिला हिणकस मानूं नये. हवेंतील गंधकाच्या अंशामुळें चांदी काळी पडते. हिरवट झांक दिसली तर मात्र तांब्याचा संशय धरावा.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका लुगड्याच्या पदरांत व कांठांत मिळून २० तोळे जर आहे. जुना तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, तेव्हां वजन सुमारे २३३ ग्रॅम भरलें. त्यांतून रेशमाचा गाभा आणि जळतांना होणारी घट वजा जातां निम्मी चांदी उरली असें धरलें, तर हातीं सुमारे ११६ ग्रॅम येतात. त्यांतून गाळणाऱ्याची मजुरी आणि जरवाल्याचा नफा वजा करावा. उरलें तें आजींचें. हा झाला मोडीचा भाव. तो लुगड्याच्या किंमतीचा तळ आहे. याच्या खालीं कोणी मागूं लागला तर तो उघड ठकवतो असें समजावें. परंतु तळ म्हणजे कांहीं शिखर नव्हे.

दुसरा भाव विणीचा. हातमागाच्या पैठणीचे कांठ आणि अंग हीं वेगवेगळ्या धोट्यांनीं विणलीं जातात. दोन कांठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात, आणि कांठाचा आडवा धागा अंगाच्या धाग्यांत प्रत्येक फेरीस अडकविला जातो. पदराचें काम याहून नाजूक. तेथें भूमि जरीची असते, आणि तिच्यांत मोर, राघू, कमळ किंवा आसावलीची वेल रंगीत रेशमानें भरतात. प्रत्येक रंगाचें रेशीम वेगळ्या लहान कांडीवर असतें. विणकर तें त्या त्या आकृतीपुरतेंच फिरवितो आणि शेजारच्या रंगाशीं गुंतवून परत फिरवितो. त्यामुळें पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. मागील बाजूस लोंबते धागे नसतात. यंत्रमागावरच्या किंवा जॅकार्डवरच्या ‘सेमी’ पैठणींत नक्षीचे धागे मागून मोकळे धांवतात किंवा कापलेले दिसतात. म्हणून जाणत्या दुकानदाराची पहिली खूण ही कीं, पदर हातीं येतांच तो आधीं उलटा करून पाहतो.

या विणीस वेळ किती लागतो? साध्या पैठणीस महिनाभर, आणि भरगच्च पदर असेल तर सहा महिने, वर्ष, क्वचित्‌ त्याहूनहि अधिक. पुन्हां गणित करूं. समजा, वर सांगितलेला पदर आणि कांठ आज नव्यानें विणावयास ९० दिवस लागतात. रोजची मजुरी ९० नें गुणावी. तींत रेशमाची किंमत आणि मागाचा खर्च मिळवावा. आणि २० तोळे नव्या खऱ्या जरीची घडणावळीसह किंमत धरावी. मोडींत निम्मी चांदी मोजली होती. नवी विणतांना मात्र सबंध जर विकत घ्यावी लागते. तेव्हां धडक्या वस्त्राचा हा दुसरा आंकडा पहिल्यापेक्षां नेहमींच मोठा येणार, यांत नवल नाहीं. जो जाळतो तो विणकराचे ९० दिवस फुकट जाळतो.

तिसरा भाव दुर्मिळतेचा, आणि येथें पारखणाऱ्याची खरी कसोटी लागते. वस्त्र किती जुनें हें एकाच खुणेवरून ठरवूं नये. अनेक खुणा एकत्र कराव्या. पहिली खूण रंगाची. कृत्रिम रंग १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणानें प्रथम काढला. त्यापूर्वीचें रेशीम नीळ, लाख, मंजिष्ठ, कुसुंबा अशा नैसर्गिक द्रव्यांनींच रंगत असे. म्हणून एखाद्या लुगड्यांत झगझगीत कृत्रिम जांभळा सांपडला, तर तें पेशवाईंतलें असल्याची कथा कितीहि रसाळ असली तरी बाजूस ठेवावी. उलट, कुसुंब्याचा रंग उजेडानें उडतो. घडीच्या आंतला भाग गडद आणि बाहेरचा फिकट असेल, तर ती नैसर्गिक रंगाची शक्यता दर्शविणारी एक खूण होय, पुरावा नव्हे. दुसरी खूण अंगाच्या सुताची. जुन्या पैठण्यांपैकीं कित्येकांचें अंग तलम सुती असे. धाग्याचें टोंक जाळून पाहिलें असतां रेशमास केस जळल्याचा वास येतो आणि सुतास कागद जळल्याचा. तिसरी खूण लांबीची: नऊवारी कीं सहावारी. चवथी नक्षीची: जुन्या पदरांत आसावली, अशर्फी, हंस, कुयरी आणि मुथड्यासारख्या भौमितिक आकृती दिसतात.

पांचवी खूण मात्र वस्त्रांत नसते, ती विकणाराच्या तोंडीं असते. लग्न कोणत्या साली झालें, लुगडें कोठून आलें, कोणी कोणास दिलें, त्या वेळचें छायाचित्र आहे काय, हें सर्व विचारून लिहून ठेवावें. आजेसासूबाईंची आठवण आजींना अमोल आहे, पण बाजार तिला पैसा देत नाहीं. तीच हकीकत साल, गांव आणि पुरावा यांसह कागदावर आली कीं संग्राहकाच्या दृष्टीनें ती वस्त्राचा भाग होते, आणि तिला भाव येतो.

या लिहून ठेवण्याच्या बाबतींत एक परकीय उदाहरण सांगण्यासारखें आहे. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फॉर्ब्स वॉटसन यांनीं १८६६ साली हिंदुस्थानच्या वस्त्रांचे ७०० खरे नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. असे २० संच करून १३ ब्रिटनमध्यें आणि ७ हिंदुस्थानांत ठेवण्यांत आले. येथील लोकांना काय आवडतें तें पाहून तिकडच्या कारखानदारांनीं माल काढावा, हा त्यांतील उद्देश होता. त्यामुळें आपल्या विणकरांचें हित त्यांत नव्हतें हें उघड आहे. परंतु त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. वस्त्राबरोबर त्याची लांबी, वजन, ठिकाण आणि किंमत यांची नोंद ठेवली, म्हणून आज दीडशें वर्षांनंतरहि ते तुकडे बोलतात. आपल्याकडील कपाटांत त्याहून सुंदर वस्त्रें मुकीं पडलीं आहेत.

किंमत वाढविणाऱ्या गोष्टी सांगितल्या, तशा कमी करणाऱ्याहि सांगितल्या पाहिजेत. घडीवर रेशीम फाटतें, कारण जड जरीचा भार वर्षानुवर्षें एकाच रेषेवर पडतो. अत्तराचे व तेलाचे डाग जात नाहींत. कित्येक घरांत अंग विरल्यावर जुना पदर व कांठ काढून नव्या अंगास जोडलेले असतात. ही काटकसर स्तुत्य आहे. मात्र अशी जोडलेली पैठणी सबंध जुनी म्हणून विकणें ही लबाडी आहे. जोड कोठें आहे, रफू कोठें आहे, जर कोणती आहे, हें घेणाऱ्यास दुकानदारानें स्वतः दाखवावें. त्याचप्रमाणें आणलेलें वस्त्र ‘सेमी’ निघालें किंवा जर तांब्याची निघाली, तर विकणाऱ्यासहि तें स्पष्ट सांगावें. प्रत्येक जुनी वस्तु मोलाची नसते. खोटी आशा दाखविणें हें कमी भाव देण्याइतकेंच वाईट.

गिऱ्हाईक कोण यावरहि भाव बदलतो. नेसण्यासाठीं घेणारीस धडकें वस्त्र हवें असतें. तिला दोनशें वर्षांचें जीर्ण लुगडें उपयोगाचें नाहीं. शिंपी पदराचे तुकडे करून पिशव्या, उशांचे अभ्रे आणि जाकिटें शिवतो. तो कांठाच्या हातावर भाव देतो. संग्राहक मात्र विरलेलेंहि घेतो, त्यांतील नक्षी दुर्मिळ असेल तर. म्हणून एकच लुगडें एका दारीं कवडीमोल आणि दुसऱ्या दारीं मौल्यवान ठरतें. दुकानदाराचें कौशल्य हें कीं, कोणती वस्तु कोणत्या दारीं न्यावयाची हें त्यास कळावें. जें वस्त्र सबंध आहे तें कात्रीखालीं जाऊं देऊं नये. जें फाटून तुकडे झालें आहे त्याचा पदर तरी राखावा.

या बाबतींत महाराष्ट्रास एक थोर उदाहरण लाभलें आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा आणि मृत्यु १९९० सालचा. त्यांचें चष्म्यांचें दुकान होतें, आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. जे दिवे, अडकित्ते, दौती आणि वस्त्रें लोक मोडींत काढीत, तीं ते गांवोगांव हिंडून जमवीत. राजा नांवाचा त्यांचा मुलगा लहानपणींच वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनीं आपल्या संग्रहास राजा दिनकर केळकर संग्रहालय हें नांव दिलें, आणि सुमारे २० हजार वस्तूंचा तो ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पितळेचा दिवा पितळेच्या भावानें गेला असता तर घरास आठ दिवसांचा बाजार आला असता. तोच दिवा आज हजारों मुलें पाहतात. दुकानदारानें संग्राहक व्हावें तें असें.

व्यापार करणाऱ्यानें कायदाहि जाणला पाहिजे. १९७२ सालच्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तु अधिनियमाप्रमाणें १०० वर्षें किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तु पुरावशेष ठरूं शकते. अशा वस्तूंचा व्यापार करावयास परवाना लागतो, आणि त्या खासगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहींत. वस्त्र शंभरीच्या आसपासचें वाटलें तर पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा हें उत्तम. परदेशचा भाव ऐकून ज्याच्या तोंडास पाणी सुटतें त्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां आजींना काय सांगावें? शहाण्या दुकानदारानें तीनहि भाव त्यांच्यापुढें उघड मांडावे. “आजी, चांदीचे इतके होतात, जरवाला तेवढेच देईल. विणीचे इतके धरतां येतील, पण घडीवर फाटलं आहे, म्हणून त्यांतून इतके कमी. पदराची नक्षी जुनी आहे; संग्रहासाठीं घेणारा भेटला तर आणखी येतील, पण त्याला वेळ लागेल. आज हवेत कीं थांबाल?” असें म्हणून त्यानें स्वतःचा नफाहि सांगावा. जागा, जोखीम आणि ज्ञान यांसाठीं नफा घेण्यांत लाज नाहीं. लाज आहे ती समोरच्याच्या अज्ञानाचें भांडवल करण्यांत. घाई असेल तर कांहीं रक्कम आज द्यावी आणि विक्री झाल्यावर उरलेली पोंचवावी. म्हणजे नातीची फीहि भरली जाते आणि लुगडेंहि वांचतें. अशा दुकानदारास एखाद्या व्यवहारांत कमी सुटेल, परंतु पुढच्या वेळीं त्या गल्लींतील चार घरें जरवाल्याऐवजीं त्याच्याकडे येतील. विश्वास हेंहि दुकानाचें भांडवलच असतें.

ज्यांना विकावयाचें नाहीं, त्यांनीं जपणूक तरी नीट करावी. पैठणी धुतलेल्या मऊ सुती फडक्यांत गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत. वर्षांतून दोन वेळां सावलींत हवा द्यावी, उन्हांत नव्हे, आणि प्रत्येक वेळीं घडी बदलावी. फार जीर्ण असेल तर घडीच न घालतां नळीवर गुंडाळावी. आणि फडक्यांत एक चिठ्ठी ठेवावी: हें कोणाचें, कोणत्या सालचें, कोठून आणलेलें. ही चिठ्ठी लिहावयास पैसा लागत नाहीं. लागतो तो फक्त घरांतील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसण्याचा एक तास, आणि तो तास पुढें ढकलण्यासारखा नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करणें इष्ट आहे. जुन्या पैठणीचा सर्वांत मोठा गरजू संग्राहक नव्हे, नेसणारीहि नव्हे, तर मागावर बसलेला विणकर होय. त्याचें शिक्षण आकृती पाहून होतें. आजोबांनीं विणलेला हंस कसा वळला होता, वेलीची कळी किती धाग्यांवर फुटली होती, हें त्याला कोणत्याहि ग्रंथापेक्षां जुना पदर अधिक चांगलें सांगतो. तो उलटा करून, भिंगाखालीं धरून, धागे मोजून त्याला तें वाचतां येतें. येवल्यास ही सोय आहे कीं, तो पदर आणि तो विणकर यांच्यामध्यें दोन गल्ल्यांचें अंतर आहे. म्हणून तेथील दुकानदारानें एखादें जुनें लुगडें विकण्यापूर्वीं शेजारच्या विणकरास एक दिवस पाहावयास द्यावें, त्यास नक्षी कागदावर उतरवूं द्यावी. वस्त्र मग कोठेंहि गेलें तरी त्याची वीण गांवांत राहील. चांदी पुन्हां खाणींतून निघेल. पण विसरलेली वीण परत आणावयास ती विणणारे हात पुन्हां कोठून आणावे?